पहिली भेंडी आडवी

एप्रिल लागला की आमच्या फ्रिजवरची यादी बदलते. कुलरच्या वाळ्याच्या ताट्या, नवा माठ, गच्चीसाठी दोरी, इतवारीतून मुगाची डाळ आणि कुरडयांचे गहू. त्याखाली वाळवणाच्या भाज्या: भेंडी, गवार, कारली, वांगी, टमाटर, कोहळं. याद्या करणं ही माझी नोकरीच आहे. एका दवाखान्याच्या भांडारात मी कापूस, सुया, सलाईन मोजून घेते आणि मोजून देते. घरी आल्यावरही हात थांबत नाही. काम झालं की ओळीवर रेघ मारायची, त्यात मला जे सुख मिळतं ते माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र यादीत लिहावी लागत नाही. वाळवणाची भेंडी आमच्याकडे उभी चिरतात, एकीच्या चार फाका, म्हणजे दोन उन्हांत खडखडीत होते. पण दर उन्हाळ्यात पहिली भेंडी आडवी चिरायची. एक पातळ चकती काढायची, बोटाच्या टोकावर घ्यायची आणि उजेडाकडे धरायची. पाच कोपरे, पाच कप्पे, आणि कप्प्याकप्प्यातलं बी आतल्या बाजूला, मधल्या खांबाला पाठ टेकून बसलेलं. पाहून झालं की चकती खाऊन टाकायची आणि कामाला लागायचं.

यंदाही तसंच केलं. चकती जिभेवर चिकटली, आणि वैशालीचा तो उन्हाळा पुन्हा गच्चीवर येऊन बसला.

वैशाली माझी धाकटी जाऊ. प्रशांतचं, म्हणजे माझ्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरात एक खोली कमी पडत होती. मग हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन टाकलं. अलीकडे आमचा सोफा, पलीकडे त्या दोघांचा पलंग. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात आरसा लावायला प्लायवर खिळा ठोकला. खिळा आरपार येऊन आमच्या बाजूला डोकावला आणि आरसा धाडकन खाली. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्या न हलता म्हणाल्या, "वैशाली, बाई, सामान लटकवाचं तं जुन्या भिंतीले लटकव. हे प्लाय आहे वं. हे काही धरून ठेवत नाही."

आमच्या घरचं जे काही लटकायचं ते जुन्या भिंतींवरच होतं. बुद्धाची तसबीर, सासऱ्यांचा फोटो, घड्याळ, कॅलेंडर. पार्टिशन नुसतंच उभं होतं.

लग्नाच्या वेळी वैशालीचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष चालू होतं. लेखी पेपर सगळे पास होऊन निघाले, वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल राहिलं. पुन्हा बसली, पुन्हा राहिलं. त्या वर्षी कॉलेजातून निरोप आला की जुना अभ्यासक्रम बंद होतो आहे आणि जुन्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. एवढं एक प्रॅक्टिकल सुटलं नाही तर निघालेले सगळे पेपरही गेले. मग नव्यानं, पहिल्या वर्षापासून.

हे तिनं मला सांगितलं ते पोळ्या लाटताना, माझ्याकडे न पाहता.

"ताई, मी नाही बसत यावेळेस."

"काहून?"

"पुन्हा नापास झाली तं? आतापर्यंत म्हणता तरी येते, परीक्षा बाकी आहे. मग तेही गेलं."

तिची पोळी एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ झाली होती. मी समजूत घालणाऱ्यांतली नाही. भांडारात कुणी 'सामान पुरत नाही' म्हणालं की मी विचारते, नक्की काय पुरत नाही ते सांगा. तसंच तिला विचारलं, की नक्की काय जमत नाही.

दोन गोष्टी होत्या. पहिली हाताची. फुलाच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो. पुस्तकात त्याला किंजपुट म्हणतात. पुढे त्याचंच फळ होतं. तो ब्लेडनं आडवा कापायचा, इतका पातळ की उजेड आरपार जावा. आत बारीक दाणे असतात, ती बीजकं. त्यांच्या बिया होतात. ती बीजकं आत कुठे आणि कशी लागलेली आहेत ते पाहायचं, चित्र काढायचं, प्रकाराचं नाव लिहायचं. परीक्षक शेजारी येऊन उभे राहिले की वैशालीचा हात थरथरायचा आणि काप त्या पोळीसारखा व्हायचा.

दुसरी गोष्ट मोहरी.

"मोहरीत मले दर वेळेस दोन कप्पे दिसतात, ताई. मधात पडदा आहे ना, स्पष्ट आहे. म्हणून मी लिहून येतो, बीजकं मधल्या अक्षाला लागलेली. आन पुस्तक म्हणते कप्पा एकच. बीजकं भिंतीले."

दुसरी गोष्ट मला कळली नाही, पण पहिली कळली. हाताला सवय पाहिजे होती. कॉलेजची प्रयोगशाळा जुन्या विद्यार्थ्यांना परीक्षेआधी उघडून मिळत नव्हती. मी फ्रिजकडे पाहिलं. भेंडी, कारली, वांगी, टमाटर, कोहळं. ही सगळी फुलांच्या बुडाशी वाढलेली पोटंच की. मी पेन घेतलं आणि भाज्यांसमोर लिहून टाकलं: चिरणे – वैशाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात विळी बाजूला पडली आणि ब्लेड आलं. सकाळी स्वयंपाक उरकला की वैशाली स्टीलच्या ताटात पाणी घेऊन बसायची. एका हातात भेंडी, दुसऱ्यात ब्लेड, शेजारी रंगाचा बारीक ब्रश. काप काढायचा, ब्रशनं उचलून पाण्यात सोडायचा, पुढचा काढायचा. मी दवाखान्यातून आले की ताटाशी बसायचे. मला शिकवताना तिचा स्वतःचा अभ्यास होतो हे तिच्या लवकर लक्षात आलं, आणि मी कंटाळत नाही हे माझ्याही.

मी कशी कंटाळणार? भांडार सांभाळणाऱ्या बाईला हे सगळं ओळखीचं होतं. आमच्याकडेही प्रश्न हाच असतो: जागा एवढीशी, नग पुष्कळ, आणि एकेका नगापर्यंत हात पोचला पाहिजे. झाडाचा प्रश्न आणखी कठीण. त्याचा एकेक नग जिवंत असतो. प्रत्येक बीजकाला बारीकसा देठ असतो, त्यातून त्याला पोषण येतं. म्हणजे नुसतं ठेवून भागत नाही, प्रत्येकाला कुठंतरी घट्ट धरून ठेवावं लागतं, वाढायला मोकळी जागा द्यावी लागते, आणि वेळ आली की सोडूनही द्यावं लागतं. ही मांडणी झाडांनी किती तऱ्हांनी केली आहे ते मी वयाच्या पंचेचाळिशीनंतर स्टीलच्या ताटात पाहिलं.

वाटाण्याची शेंग मी जन्मभर सोलत आले. ती उघडली की काही दाणे या सालीला राहतात आणि काही त्या सालीला, हे दिसत होतं, पण पाहिलं नव्हतं. वैशालीनं दाखवलं. शेंग म्हणजे एकच पान दुमडून कडेला कड लावलेलं. दाणे त्या शिवणीवर लागतात, एक या कडेला, पुढचा त्या कडेला, पुन्हा या. बसच्या तिकिटासाठी दोन रांगांतून आलटून पालटून एकेकाला पुढं घ्यावं तसे. शेंग फुटली की दोन्ही सालींच्या वाट्याला दाणे येतात.

पपईत खांब नाही, खोल्या नाहीत. मोठा एकच दिवाणखाना, आणि बिया सगळ्या भिंतीला. आम्ही भांडारात भिंतीलगत रॅक लावतो आणि मधली जागा चालायला सोडतो, अगदी तसंच. टमाटरमध्ये उलट. तिथं मधे खांब आणि खांबाभोवती खोल्या. वांग्याचं तर मला हसूच आलं. त्यातला जो गर आपण भरीत करून खातो त्यातला बराचसा म्हणजे बिया धरून ठेवणारी ती गादीच. बिया ठेवायच्या होत्या म्हणून गादी केली आणि गादीच एवढी फुगली की सगळं घर भरलं.

सूर्यफुलाचं उलट कौतुक वाटतं. तिथं एका घरात एकच बीजक, तळाशी, जमिनीवर ठेवल्यासारखं. आटोपशीर. चुकायला काही नाही.

आणि चिवळ. उन्हाळ्यात आम्ही जिची भाजी करतो ती बारीक पानांची चिवळ. तिच्या फळाची ज्वारीच्या दाण्याहून लहान डबी वैशालीनं नखानं दाबली तर वरचं झाकण टोपीसारखं निघून आलं. आत मधोमध एक छोटासा खांब, आजूबाजूला एकही पडदा नाही, आणि त्या खांबाला बारीक काळ्या बिया. भिंतीपासून सुटा खांब. मी चिवळ निवडत इतकी वर्षं घालवली होती आणि तिला झाकण आहे हे मला माहीत नव्हतं!

हे सगळं चालू होतं तेव्हा सासूबाई गप्प होत्या, आणि त्यांचं गप्प राहणं फार टिकत नाही. एके दिवशी वैशालीनं दिवसभर कापलेल्या चकत्या गच्चीवर वाळत घातल्या. खाली अंथरायला सासूबाईंचं जुनं पांढरं पातळ घेतलं होतं, विहारातल्या कार्यक्रमांना नेसून नेसून मऊ झालेलं. संध्याकाळी त्या वाळवण गोळा करायला वर गेल्या आणि तिथूनच आवाज आला.

"सुषमा! अवं, वर ये! तुझ्या डॉक्टरणीनं काय करून ठेवलं पाह्य!"

वर जाऊन पाहते तर भेंडीच्या चकत्या पातळाला चिकटून बसल्या होत्या. इतक्या पातळ की वाळताना स्वतःच्याच चिकानं कापडाला धरून बसल्या. टमाटरच्याही तशाच, कारल्याच्याही. सासूबाई नखानं एक खरवडत होत्या. निघाली ती तुकडे होऊन.

"हे वाळवण आहे का वं, वैशाली? चाळणीत घेतलं तं गळून जाईन, तेलात टाकलं तं दिसन तरी का?"

"आई, ते प्रॅक्टिससाठी..."

"प्रॅक्टिस करून राहिली तं कागद काप! माही भाजी काहून कापून राहिली? पावसाळ्यात काय तुही वही तळून खाऊ?"

वैशाली खाली मान घालून चकत्या खरवडायला बसली. मी काही बोलणार तोच तिनं डोळ्यांनीच मला नको म्हटलं. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "ताई, आईचं बरोबर आहे. माझ्या परीक्षेपायी घरचं नुकसान. राहू द्या आता." आणि ब्लेड कागदात गुंडाळलं. तिचं 'राहू द्या' वाळवणाबद्दल नव्हतं, ते परीक्षेबद्दल होतं, हे मला कळलं.

सासूबाईंनी पातळ झटकायला दोन्ही हातांनी उचललं. पश्चिमेला सूर्य बराच खाली आला होता. नागपूरचा उन्हाळ्यातला सूर्य मावळतानाही डोळ्यांत जातो. पातळ त्याच्या आड आलं आणि ते झटकायचं सासूबाई विसरल्या.

सगळं कापड उजळलं होतं. भेंडीच्या चकत्यांची पाच पाच घरं, भिंतींच्या रेषा काळ्या, आतलं उजेडानं भरलेलं. टमाटरच्या लाल खोल्या. कारल्याची दातेरी कड. एकही चकती दुसरीसारखी नाही, आणि तरी भेंडी म्हटली की पाच घरं आणि मधे खांब. तिथं चूक नाही. सासूबाईंच्या हाताजवळ एक चकती होती, तिच्यात बिया सुकून आत ओढल्या गेल्या होत्या, पण खांबाला धरून होत्या.

मीही पाहत राहिले. वैशालीही.

मग सासूबाईंनी विचारलं, "हे बी मधातच काहून चिकटून आहे वं? बाहेरच्या भिंतीले काहून नाही?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आई, भेंडीत मधातल्या खांबाले लागते. पपईत बाहेरच्या भिंतीले."

"आन संत्र्यात?"

"तुम्ही सांगा."

मृग बहाराची संत्री घरात होतीच. सासूबाईंनी खाली येऊन एक आडवं कापून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, कारण संत्रं कुणी कापत नाही. ते पाहून त्या म्हणाल्या, "मधात. फाकीच्या टोकाले. म्हणून तं बी थुंकाले सोपं जाते." आणि वैशालीनं त्यांना सांगितलं की ज्याला आपण रस म्हणतो त्या बारीक पिशव्या म्हणजे बाहेरच्या भिंतीवर आतून उगवलेले केस आहेत. भिंतीला केस, खांबाला बी.

"केस?" सासूबाईंनी हातातली फाक पाहिली. "बाप्पा! आता हे सांगाचं होतं का तुले, मी खाऊन राहिली ना!"

त्या फाक खाऊन मोकळ्या झाल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून भाजीचे दोन वाटे. एक माह्या वाळवणाचा, उभा. एक तुह्या परीक्षेचा, आडवा. अन् ते ब्लेड काहून गुंडाळून ठेवलं?"

मी यादीत दुरुस्ती केली.

पुढचे दिवस घरात कुणालाही सरळ जेवता आलं नाही. सासूबाई काकडी हातात घेऊन आधी पैज लावायच्या, मग कापायच्या. मिरचीनं त्यांना फसवलं. देठाकडे कापली तर आत पडदे, टोकाकडे कापली तर पोकळ. "ही आपली नाही," म्हणाल्या, "ही दोन्हीकडून बोलते." प्रशांत डब्यात पाहून म्हणाला, "वहिनी, भाजी खायची आहे का तपासायची?" सासूबाईंनी त्याला सांगितलं, "आधी तपास, मग खा. तुही बायको शिकून राहिली आहे."

वैशालीचा हात मात्र बसत चालला. ती कापत असताना सासूबाई मुद्दाम तिच्या खांद्याशी जाऊन उभ्या राहायच्या, डोळे बारीक करून. "मी परीक्षक आहे. थरथर पाहू." सुरुवातीला वैशाली हसून ब्लेड खाली ठेवायची. मग हसायची, पण ब्लेड चालू राहायचं.

राहिली मोहरी.

मोहरीचा हंगाम संपलेला होता. पण फेब्रुवारीत सासूबाईंनी सोंडे लागलेली मोहरी गच्चीवरच्या कुंडीत झटकली होती आणि माठ धुतलेलं पाणी त्यात ओतत राहिल्या होत्या. तिथं टाकीच्या सावलीत वीतभर काटकुळी रोपं आली होती. चार पिवळी फुलं, थोड्या हिरव्या शेंगा, थोड्या वाळलेल्या. वैशाली रोज फूल कापून पाहायची आणि रोज तिला दोनच कप्पे दिसायचे. 'मोहरी: भिंतीला' असं तिनं पाठ केलं होतं. पण पाठ केलेलं परीक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाही, हे ती दोनदा शिकून चुकली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. कुलर बंद पडला आणि आम्ही तिघी हॉलमध्ये ओल्या पंच्यानं वारा घेत बसलो. वैशालीच्या हातात वाळलेली शेंग होती. तिनं दोन्ही बाजूंच्या साली काढल्या. त्या सहज गळून पडल्या. हातात उरली एक लांबट चौकट, आणि चौकटीत ताणून बसवलेला पातळ, पांढुरका पडदा. खिडकीला कागद लावावा तसा. मोहरीचे दाणे चौकटीला लागलेले होते. या कडेला, त्या कडेला. पडद्याच्या मधोमध एकही नाही.

ती शेंगेकडे पाहत होती. मग तिनं मान वर केली आणि समोरच्या पार्टिशनकडे पाहिलं. त्याच्या उजवीकडे जुन्या भिंतीवर घड्याळ. डावीकडे जुन्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. मधलं प्लाय रिकामं, तिच्या पहिल्या खिळ्याचं भोक तेवढं होतं.

"ताई," ती म्हणाली, "हे नंतर टाकलं ना?"

"काय?"

"पार्टिशन. हॉल आधी एकच होता ना?"

"हो. तू आलीस तेव्हा टाकलं."

"मोहरीत तसंच आहे!" ती उठून उभीच राहिली. "खोली आधी एकच. दोन पानं कडेला कड जोडून केलेली. जिथं जोड, तिथं भिंतीवर बीजकं. पडदा मागाहून आला, या जोडापासून त्या जोडापर्यंत. पडद्यानं कोणाले धरलंच नाही! मी इतके दिवस पडदा मोजून राहिली, अन् मोजाचं होतं ते कोण कोणाले धरून आहे!"

सासूबाईंनी शेंगेची चौकट तिच्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरली. आता ही त्यांची सवयच झाली होती. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हो वं. बिऱ्हाडं दोन दिसतात, पण सामान सगळं जुन्या भिंतीले."

वीज आली. कुलर सुरू झाला. वैशालीनं त्या दिवशी पुन्हा मोहरी कापली नाही.

परीक्षेला मी तिच्यासोबत गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ऑटोतून उतरताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही जा, ऊन गंज आहे, डोकं तापन." मी गेले नाही. कॉलेजच्या आवारात बदामाच्या झाडाखाली ओट्यावर बसले. पिशवीत पाण्याची बाटली, कांदा, ग्लुकोजची पुडी. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या होत्या. पांढरे ॲप्रन हलताना दिसत होते, त्यातला तिचा कोणता ते कळत नव्हतं. मी दवाखान्याची पुढच्या आठवड्याची यादी करायला घेतली आणि मला एकही नाव आठवेना. कापूस. त्यापुढे काही नाही.

मग खिडकीत एक गृहस्थ आले. टक्कल, चष्मा. त्यांच्या हातात काचेची पट्टी होती. त्यांनी ती खिडकीतल्या उजेडाकडे धरली आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहत राहिले. मला पातळ धरून उभ्या राहिलेल्या सासूबाई आठवल्या. काच कुणाची होती ते मला दिसत नव्हतं. तरी मी पेन बंद केलं.

वैशाली बाहेर आली तेव्हा तिची वेणी घामानं भिजली होती. आधी तिनं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"पहिला काप जाड आला," ती म्हणाली. "फेकून दिला. दुसरा चांगला निघाला. सर खांद्याजवळ येऊन उभे राहिले ना, मले आईच उभ्या आहेत असं वाटलं. हसूच आलं."

"आणि मोहरी?"

"विचारली. म्हणाले, दोन कप्पे तर दिसतात, मग तुम्ही एक कसा लिहिला? मी म्हणाली, सर, पडदा मागाहून आलेला आहे, बीजकांनी त्याले धरलं नाही, ती भिंतीच्या जोडावर आहेत. त्यांनी काच उचलून खिडकीत नेली. पाहून आले. मग म्हणाले, प्रॅक्टिस कुठं केली?"

"मग?"

"मी म्हणाली, गच्चीवर, सर."

प्रॅक्टिकल सुटलं. निकाल प्रशांतनं मोबाईलवर पाहिला आणि आधी आईला सांगितला. सासूबाईंनी विचारलं, "किती मार्क?" त्यानं सांगितले. "बस?" म्हणाल्या. "मी तं जास्त देले असते."

पदवीचा कागद यायला वेळ लागला. तो आला तेव्हा सासूबाईंनी तो इतवारीत नेऊन काचेच्या चौकटीत बसवून आणला. वैशाली लाजली. "आई, डिग्री कोणी भिंतीवर लावते का?"

"मी लावतो. या घरात सायन्सवाली पहिली कोण? तूच ना?"

प्रशांत हातोडी आणि खिळा घेऊन आला आणि त्यानं चौकट त्यांच्या पलंगाजवळ, पार्टिशनवर धरून पाहिली. सासूबाई सोफ्यावरून उठल्या.

"प्लायवर नको. जुन्या भिंतीवर. घड्याळाखाली."

ती तिथं लागली.

त्यानंतर वैशालीनं बीएड केलं. तिला उमरेडला शाळेत नोकरी लागली आणि प्रशांतनं तिकडंच घर केलं. सामान हललं त्या दिवशी डिग्रीची चौकट सोबत न्यायची का, असं मी विचारलं. वैशाली म्हणाली, "राहू द्या, ताई. आईची जागा आहे ती."

मागच्या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा होता. पार्टिशनच्या पलीकडे आता कुणी झोपत नव्हतं. माझ्या यादीत एक ओळ होती: प्लाय काढणे. सुतार आला आणि त्यानं विचारलं, "ताई, आधी भिंतीवरचं सगळं उतरवून ठेवू का? तोडताना हादरे बसतील."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण घड्याळ कुठे आहे आणि त्याखाली काय आहे ते त्यांना पाठ आहे.

"काही उतरवू नको रे," त्या म्हणाल्या. "प्लायले काहीच लटकून नाही. तू काढ."

त्यानं दोन्ही कडांचे स्क्रू काढले. आधी वरची पट्टी आली, मग फळी. वैशालीच्या आरशाचं भोक असलेला तुकडा सगळ्यात शेवटी निघाला. धूळ खाली बसली तेव्हा हॉल होता तेवढा झाला होता. घड्याळ चालू होतं. तसबीर, सासऱ्यांचा फोटो आणि वैशालीची डिग्री आपापल्या खिळ्यावर होती.

यंदाची पहिली भेंडी तेवढी चिरून झाली, बाकीची ठेवली आहे. वैशाली उद्या सकाळच्या उमरेडच्या बसनं येते आहे, ब्लेड घेऊन. सासूबाईंचा निरोप आहे की एक वाटा आडवा.